रग्बीवाल्यांची मस्ती, फुटबॉलवाल्यांची गुंडगिरी

मागच्या वेळी आपण ‘नियम पाळणं म्हणजे काय’ यावर बोललो. शेवटी ज्या चिठ्ठ्या आल्या त्यात एक प्रश्न असा होता, की मैदानात इतके काटेकोर नियम पाळणारी माणसं मैदानाबाहेर आली की त्यांचा तोल का सुटतो? आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीवर आहे. उदाहरण इंग्लंडचं घेतो, कारण तिथे एकाच समाजात दोन खेळांभोवती दोन प्रकारचा धुडगूस वाढला आणि समाजाने मात्र त्या दोन्हींना अगदी वेगवेगळ्या मापाने मोजलं. नीतिशास्त्र शिकवणाऱ्याला असं आयतं उदाहरण क्वचितच मिळतं.

इंग्रजांमध्ये एक जुनं वाक्य फिरतं. फुटबॉल हा सभ्य माणसांचा खेळ, पण खेळतात तो गुंड. आणि रग्बी हा गुंडांचा खेळ, पण खेळतात तो सभ्य माणसं. हे वाक्य कोणत्या बाजूच्या माणसाने तयार केलं असेल ते सांगायला नकोच! पण त्याच्यात एक माहिती दडलेली आहे. सभ्य कोण आणि गुंड कोण हे इथे वागण्यावरून ठरलेलं नाही, ते आधीच ठरलेलं आहे. वागणं नंतर येतं.

थोडा इतिहास बघू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या बड्या निवासी शाळा आपापल्या नियमांनी फुटबॉल खेळत. १८६३ साली लंडनमध्ये क्लबांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिथे वाद झाला तो दोन गोष्टींवर. एक, चेंडू हातात घेऊन पळावं का. आणि दुसरी, समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायला परवानगी असावी का. ब्लॅकहीथ क्लबचं म्हणणं असं, की लाथ काढली तर खेळातला मर्दपणाच गेला. ते बाहेर पडले. पुढे १८७१ मध्ये रग्बीवाल्यांची स्वतःची संघटना झाली, आणि गंमत बघा, तिने पहिल्याच नियमावलीत ही लाथ बंद केली. म्हणजे ज्या गोष्टीसाठी भांडून निघाले तीच आठ वर्षांत सोडून दिली. मर्दपणाची जागा मग मैदानाबाहेर शोधावी लागली असेल, असं म्हणण्याचा मोह मला होतो. पण तो पुरावा नाही, नुसता मोह आहे.

दुसरी फूट १८९५ ची. उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींच्या गावांत रग्बी कामगारांत लोकप्रिय झाली होती. शनिवारी सामना खेळायचा तर कामाचा खाडा व्हायचा, मजुरी बुडायची. त्या बुडलेल्या मजुरीची भरपाई द्या, दिवसाला सहा शिलिंग, एवढीच मागणी. लंडनच्या मंडळींनी ती नाकारली. खेळासाठी पैसा घेणं म्हणजे खेळ बाटवणं. तेव्हा हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बावीस क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यातून रग्बी लीग निघाली. मागे राहिली ती रग्बी युनियन, आणि ती पार १९९५ पर्यंत, म्हणजे बरोबर शंभर वर्षं, ‘हौशी’ राहिली. हौशी म्हणजे काय? ज्याला खाडा परवडतो तो. डॉक्टर, वकील, जमीनदाराचा मुलगा, विद्यापीठातला विद्यार्थी. वेल्समध्ये चित्र वेगळं, तिथे खाणकामगारही युनियनच खेळत. पण इंग्लंडपुरतं हे खरं, की युनियनचा क्लब ही वरच्या आणि मधल्या वर्गाची जागा होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या क्लबात सामन्यानंतर काय चालायचं? एरिक डनिंग आणि केनेथ शीअर्ड या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली यावर एक निबंध लिहिला. दोघांनी पुढे रग्बीच्या इतिहासावर ग्रंथही लिहिला. रग्बीचा क्लब ही पुरुषांनी राखून ठेवलेली जागा कशी आहे हे त्यांनी दाखवलं. सामना संपला की बिअर. मग गाणी, आणि गाणी म्हणजे निव्वळ अश्लील. मग एखाद्याला टेबलावर चढवून सर्वांसमोर कपडे उतरवायला लावायचे. नव्या खेळाडूची ‘दीक्षा’ असायची; तिचे तपशील मी इथे सांगत नाही, आपल्याकडच्या रॅगिंगच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना कल्पना येईल. मोडतोड व्हायची. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सेक्रेटरीला भेटायचं, किती झाले विचारायचं आणि पैसे भरून टाकायचे. ‘पोरं आहेत, चालायचंच.’

या दोघांनी एक नेमका प्रश्न विचारला. यातलं थोडंसुद्धा फुटबॉलच्या प्रेक्षकांनी रस्त्यावर केलं असतं तर काय झालं असतं?

इथे क्षणभर थांबू या, कारण तुलनाच मुळात तिरपी आहे. एका बाजूला खेळाडू, दुसऱ्या बाजूला प्रेक्षक. आंब्याची तुलना बाभळीशी! पण तिरपी असली तरी ती निरर्थक नाही. रग्बीच्या क्लबात खेळणारा, कालपरवापर्यंत खेळलेला आणि बघणारा ही बहुतेक एकच मंडळी होती, पन्नास-शंभर माणसं, एकमेकांना नावाने ओळखणारी. व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळणारे बावीस आणि बघणारे तीस-चाळीस हजार. त्या हजारांना क्लबात जागा नाही, बार नाही, सेक्रेटरी नाही. त्यांना आहे तो रस्ता, स्टेशन आणि उभं राहायचा कठडा. रग्बीवाल्याचा दंगा भिंतीच्या आत होतो आणि फुटबॉलवाल्याचा उघड्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं.

भिंतीबाहेर मूठ उघडली गेली तरी काय होतं, त्याचा नमुना सांगतो. याचा आपल्या देशाशी संबंधही आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला आणि पुढे लगेच क्लब काढला. तो काही वर्षांतच बंद पडला. हवा मानवेना, लोक पोलो-टेनिसकडे वळले. बँकेत शिल्लक होती ती चांदीच्या रुपयांत काढून घेतली, रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. तीन मुठी, तिन्ही नागाच्या आकाराच्या, झाकणावर हत्ती. हा कलकत्ता चषक १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातल्या सामन्यासाठी आहे. तर १९८८ मध्ये एडिंबरोला सामना झाला, इंग्लंड जिंकलं, रात्री मेजवानी झाली, आणि दोन्ही संघांतले खेळाडू चषक घेऊन शहरात फिरायला निघाले. रस्त्यात त्याचाच चेंडू केला. सकाळी चषक चेपलेला. शंभरावर वर्षं जपलेली वस्तू! इंग्लंडच्या डीन रिचर्ड्सना एका सामन्याची बंदी, स्कॉटलंडच्या जॉन जेफ्री यांना सहा महिन्यांची. रिचर्ड्स त्या वेळी नोकरीने पोलीस होते. आणि जेफ्री पुढे स्कॉटिश रग्बी संघटनेच्या अध्यक्षपदापर्यंत पोचले. आज हा प्रसंग रग्बीच्या मेजवान्यांत हसत हसत सांगितला जातो.

मला त्या दोघांना कठोर शिक्षा व्हायला हवी होती असं म्हणायचं नाही. माझा रोख वेगळा आहे. एलिझाबेथ अॅन्सकोम या तत्त्वज्ञ बाईंनी १९५७ मध्ये एक मुद्दा मांडला, की कृती एकच असते, पण तिची वर्णनं अनेक असतात, आणि ती हेतुपूर्वक केली का, कशासाठी केली, हे त्या त्या वर्णनाखालीच विचारता येतं. आपल्या मराठीत बघा किती शब्द आहेत: मस्ती, धिंगाणा, धुडगूस, हुल्लड, दंगा, गुंडगिरी. खुर्ची मोडली ही घटना. शब्द कोणता लावायचा हे खुर्ची सांगत नाही. गॅदरिंगच्या रात्री वसतिगृहातल्या मुलांनी मोडली तर मस्ती. त्याच वयाच्या, नाक्यावर उभं राहणाऱ्या मुलांनी मोडली तर गुंडगिरी. आणि एकदा शब्द लागला की पुढची यंत्रणा त्या शब्दानुसार चालते. मस्तीला दंड पुरतो, गुंडगिरीला पोलीस लागतात.

आता फुटबॉलकडे येऊ. इथे मला एक गोष्ट स्वच्छ सांगायची आहे. काही अभ्यासक असं सुचवतात की फुटबॉलची दंगल ही निव्वळ वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट. ते मला मान्य नाही. २९ मे १९८५ ला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे प्रेक्षक युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. रग्बीच्या बारमध्ये असं घडलेलं नाही. त्यानंतर इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर ठेवलं गेलं आणि ते योग्य होतं असं मी म्हणेन.

पण हा जमाव निव्वळ पिसाळलेला असतो का? रोम हॅरे हे ऑक्सफर्डचे विज्ञानाचे तत्त्वज्ञ. त्यांनी पीटर मार्श आणि एलिझाबेथ रॉसर यांच्याबरोबर ऑक्सफर्ड युनायटेडच्या प्रेक्षकांत जाऊन अभ्यास केला. पुस्तक आलं १९७८ साली. तत्त्वज्ञ ग्रंथालय सोडून फुटबॉलच्या कठड्यावर उभा राहिला, हीच मला केवढी तरी मोठी गोष्ट वाटते! त्यांना दिसलं ते असं. त्या गर्दीत श्रेणी आहेत. लहान नवशिके, मग दंगेखोर म्हणून नाव कमावणारे, मग वय वाढल्यावर नुसत्या नावावर मान मिळवणारे. घोषणा कधी द्यायची, धावून कधी जायचं, आणि मुख्य म्हणजे थांबायचं कधी, याचे अलिखित नियम आहेत. समोरचा पळाला की बहुधा भांडण संपलं. जो हे नियम मोडतो त्याला ही मंडळी स्वतःच वेडा ठरवतात. पुढे डनिंग आणि त्यांच्या लेस्टरच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला, की तुम्ही खरी मारहाण फार सौम्य करून सांगता. तो आक्षेप मला पटतो. पण हॅरे यांचा मूळ मुद्दा त्याने खोडला जात नाही. बाहेरून गोंधळ दिसतो तिथे आत एक रचना असते. रग्बीच्या क्लबात ही रचना आपल्याला चटकन दिसते, तिला आपण ‘परंपरा’ म्हणतो. कठड्यावर ती दिसत नाही, कारण आपण तिथे बघायलाच जात नाही.

आता कायदा. १९८५ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश संसदेने कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोठ्या फुटबॉल सामन्याच्या वेळी मैदान दिसेल अशा जागी दारू बाळगणं हा गुन्हा. सामन्याला जाणाऱ्या खास बसगाड्यांतसुद्धा बंदी. रग्बीला हा कायदा लागू नाही. लंडनच्या ट्विकनहॅमला रग्बी बघणारा बिअरचा पेला घेऊन आपल्या खुर्चीवर बसतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी फुटबॉलला गेला तर तोच पेला गुन्हा. माणूस तोच आणि बिअरही तीच! १९९१ चा दुसरा कायदा: फुटबॉलच्या मैदानात अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा समूहाने देणं गुन्हा. वंशद्वेषाबद्दल कोणी तक्रार करू नये, ती तरतूद हवीच होती. पण ‘अश्लील’? रग्बीच्या बारमधली गाणी १९६० च्या दशकात छापील पुस्तकरूपाने दुकानांत विकायला आली होती.

यावर कोणी म्हणेल, सर, कायदा धोका बघून केला, वर्ग बघून नाही. हे उत्तर हलकं नाही. ज्या खेळाच्या गर्दीत माणसं मेली त्या गर्दीवर कडक नजर ठेवणं शहाणपणाचंच आहे. पण नजर कडक असणं वेगळं आणि नजर आंधळी होणं वेगळं. फरक कुठे पडतो ते १५ एप्रिल १९८९ ला दिसलं.

शेफील्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, उपांत्य सामना. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या दारांवर प्रचंड गर्दी झाली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. आत जाणाऱ्यांना बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत वाट होती. ती कोणी अडवली नाही. कप्प्यांना समोर उंच लोखंडी कुंपण. ते का होतं? हूलिगनांनी मैदानात उतरू नये म्हणून. माणसं चेंगरत होती, कुंपणावर चढत होती, आणि सुरुवातीला ते दंगा करताहेत असं समजलं गेलं. सामना थांबला ३ वाजून ६ मिनिटांनी. एकूण ९७ माणसं गेली. सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा. मृतांच्या रक्तातली दारू तपासली, लहान मुलांचीसुद्धा. चार दिवसांनी ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर छापलं, की दारुड्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रं उघडली. पोलिसांचे १६४ जबाब बदललेले निघाले, त्यातले ११६ पोलिसांना अडचणीचे मजकूर काढण्यासाठी किंवा बदलण्यासाठी. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे आहेत आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नाही. सत्तावीस वर्षं लागली.

मी मघाशी म्हटलं ना, शब्द लागला की पुढची यंत्रणा त्या शब्दाप्रमाणे चालते. गुदमरणारा माणूस समोर असताना ज्याला हूलिगन दिसतो, त्याचे डोळे बिघडलेले नसतात. त्याच्या हातात वर्णन आधीपासून तयार असतं.

हे सगळं आधुनिक आहे असं समजू नका. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अथेन्समध्ये अॅरिस्टन नावाच्या तरुणाने कोनोन नावाच्या बड्या माणसावर मारहाणीचा दावा केला. भाषण लिहून दिलं डेमॉस्थेनीसने. कोनोनच्या मुलांनी आधी छावणीत दारू पिऊन अॅरिस्टनच्या नोकरांवर लघवी केली होती. पुढे शहरात संध्याकाळी फिरताना या टोळक्याने, खुद्द कोनोनसकट, अॅरिस्टनला चिखलात पाडून मरेपर्यंत मारलं म्हणा ना, आणि कोनोन, वय पन्नासच्या वर, जिंकलेल्या कोंबड्यासारखा हातांचे पंख करून आरवला. आता या भाषणातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग. प्रतिपक्ष काय बचाव करेल हे अॅरिस्टन आधीच सांगून ठेवतो. ते म्हणतील, चांगल्या घरची मुलं आहेत, त्यांची मंडळं असतात, मंडळांना अशी चावट नावं असतात, भांडणं होतात, चेष्टा आहे, हसून सोडून द्या. रग्बीच्या सेक्रेटरीचं भाषण जसंच्या तसं!

अथेन्सच्या लोकांकडे यासाठी एक शब्द होता, हिब्रिस. आपण त्याचं भाषांतर ‘उद्दामपणा’ करतो, पण तिथे तो न्यायालयात जाणारा गुन्हा होता. अॅरिस्टॉटल ‘ऱ्हेटोरिक’मध्ये त्याची व्याख्या करतो: दुसऱ्याला लाज वाटेल असं वागणं, आणि तेही काही मिळवायला नाही, सूड घ्यायलाही नाही, फक्त मजा म्हणून. आणि तो पुढे सांगतो, की हे तरुण आणि श्रीमंत लोक जास्त करतात, कारण असं वागताना आपण श्रेष्ठ आहोत असं त्यांना वाटतं. बघा, आपण ज्याला सूट द्यायचं कारण मानतो, म्हणजे गंमत म्हणून केलं, चांगल्या घरचा आहे, तेच अॅरिस्टॉटलच्या लेखी गुन्ह्याचं लक्षण आहे. नुकसानभरपाई दिली की हिशेब मिटला असं त्यात नाही, कारण मोडलेली वस्तू खुर्ची नसतेच. ज्याचं जळतं त्याला कळतं. टेबलावर चढवलेल्या नवख्या मुलाला विचारा, बारमध्ये ग्लास उचलणाऱ्या मुलीला विचारा.

शीअर्ड आणि डनिंग यांच्या निबंधाचा गाभाही इथेच आहे. त्या अश्लील गाण्यांत चेष्टा कोणाची, हे त्यांनी तपासलं. दोघांची: बायकांची आणि ‘बायकी’ समजल्या जाणाऱ्या पुरुषांची. स्त्रिया मताधिकार मागत होत्या, शिकत होत्या, त्या काळात या वर्गातले पुरुष आपल्या राखीव जागेत जाऊन त्यांची टर उडवत होते, अशी त्यांची मांडणी. पुढे मुली क्लबात येऊ लागल्या तसा हा प्रकार ओसरू लागला, असंही ते नोंदवतात. ओसरला, पण संपला नाही. २०१४ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या रग्बी क्लबाने नव्या विद्यार्थ्यांना वाटलेल्या पत्रकात मुलींबद्दल आणि समलिंगी लोकांबद्दल इतकं घाणेरडं लिहिलं होतं की विद्यार्थी संघटनेने त्या वर्षापुरता क्लबच बरखास्त केला. नुसता दंड भरून सुटता आलं नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो. पहिली: ‘मग सगळं वर्गावरच अवलंबून का?’ नाही. उत्तरेतली रग्बी लीग बघा. खेळणारे कामगार, बघणारे कामगार, गावं तीच गिरण्या-खाणींची. आणि तरी तिथे फुटबॉलसारख्या टोळ्या उभ्या राहिल्या नाहीत. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक शेजारी शेजारी उभे राहतात, घरची माणसं बरोबर असतात. म्हणजे गरिबी असली की दंगल होते हे समीकरण चुकीचं आहे. वर्गावर अवलंबून आहे ते दंग्याला मिळणारं नाव.

दुसरी चिठ्ठी: ‘तो १९८५ चा दारूचा कायदा आता बदलला का?’ २०२१ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा सरकारी आढावा घेतला गेला, त्यात खालच्या श्रेणीच्या सामन्यांत प्रयोग म्हणून ही बंदी उठवून बघावी अशी शिफारस होती. रग्बीला बंदी लावा अशी शिफारस मात्र कोणी केली नव्हती. बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी.